आडनावापुरते उरलेले खेळाडू

नातवंडांनो, सोबतच्या फोटोत आजोबांच्या पुढ्यात पत्ते पसरलेले दिसतात, तो जुगार नाही. जुगार असता तर निदान मला समजला असता. तो बेसबॉल आहे, आमच्या जेवणाच्या टेबलावर.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या खेळाडूंची ती कार्डं. दोन फासे टाकायचे, पडलेले अंक शेजारी-शेजारी वाचायचे, म्हणजे चार आणि दोन पडले तर बेचाळीस, आणि तो आकडा कार्डावर शोधायचा. गडी बाद झाला की धावला, हे त्यापुढे छापलेलं असतं. चेंडू नाही, बॅट नाही, घाम तर नाहीच. बरं, खेळाडू तरी नामांकित असावेत! हे दोन-चार सामने खेळून गडप झालेले. काहींचं तर नुसतं आडनाव उरलंय. समोर शेजारचे निवृत्त पोस्टमन बसतात आणि दोघे वयस्क गृहस्थ मेलेल्या माणसांना ओरडून शाबासकी देतात. अमेरिकेतल्या आमच्या या पार्सिपनी गावात कुणाला सांगायची सोय नाही.

मी तीस वर्षं शाळेचं ऑफिस सांभाळलं. अर्धवट नावाचा फॉर्म माझ्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही. मागच्या आठवड्यात तो कार्डांचा डबा मी आडनावांप्रमाणे नीट लावला. पहिलं नाव नसलेली सात कार्डं ‘अपूर्ण’ लिहून पाकिटात वेगळी काढली. ते पाकीट रद्दीवर राहिलं आणि मंगळवारी रिसायकलिंगच्या गाडीत गेलं.

शुक्रवारी आजोबांनी डबा उघडला.

“अगं, माझा पिचर कुठे आहे?”

“नाव सांगा.”

“पूर्ण नाव कुणालाच माहीत नाही त्याचं!”

तेव्हा मला पाकीट आठवलं. मी सांगून टाकलं. ते खुर्चीत बसले. पोस्टमन रविवारी कायमचे मुलीकडे फ्लोरिडाला निघणार होते. दोघांच्या मालिकेचा शेवटचा सामना दुसऱ्याच दिवशी होता आणि हा चेंडू फेकणारा गडी त्यांनी त्यासाठी राखून ठेवला होता.

“दुसरा घ्या एखादा. सगळे सारखेच अनोळखी,” मी म्हटलं.

त्यांनी डबा बंद केला. जेवलेही नाहीत.

शेवटी मीच पट्टी आणि एक कोरं कार्ड घेऊन बसले. “सांगा.” ज्यांना रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, त्यांनी छत्तीस आकड्यांची छत्तीस उत्तरं एका दमात सांगितली! मी रकाने आखून लिहून घेतली.

शनिवारी पोस्टमननी चष्मा लावून ते कार्ड तपासलं. “अक्षर छापलेल्यापेक्षा सुंदर आहे, पण बेचाळीसवर हा इतका चांगला नव्हता.”

“होता!” आजोबा म्हणाले.

त्या एका आकड्यावर पाऊण तास वाद. मग सामना झाला आणि राखून ठेवलेला तो महान पिचर पहिल्याच डावात धुतला गेला. आजोबा हरले, तरी चेहरा बघा, जणू विश्वचषक मिळालाय.

निघताना पोस्टमननी विचारलं, “हे कार्ड मी नेलं तर चालेल?” आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

“न्या,” मी म्हटलं. “आमच्यासाठी मी दुसरं लिहीन. गेलेली बाकीची सहाही.”

म्हणून सध्या रोज दुपारी, धड नावही नसलेल्या लोकांसाठी, मी रकाने आखते आहे.