साडूभाऊंचा सिगार आणि अक्कांचा डबा

जगात सिगारचे शौकीन पुष्कळ असतील, पण जन्मात एकही सिगार धड न ओढता सिगारशास्त्रात पारंगत झालेला पुरुष एकच आहे, आणि दैवाने तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या पदरात टाकला आहे. हे माझे साडूभाऊ. विडीचा धूर आला तरी उपरणे नाकाशी धरणारा, तंबाखू मळणाऱ्याशेजारी न बसणारा, सुपारीसुद्धा सणासुदीलाच खाणारा हा गृहस्थ. पण सिगार म्हटले की त्यांचे डोळे असे काही मिटतात की समोरच्याला वाटावे, यांचे बालपण हवानातच गेले असणार. प्रत्यक्षात ते गेले सोलापुरात, शुक्रवार पेठेत, आणि उरलेली हयात टॉवेलच्या कारखान्यात.

कारखाना बंद पडला, साडूभाऊ घरी बसले, पण कारखाना काही त्यांच्यातून बाहेर गेला नाही. जगातली प्रत्येक गोष्ट ते मागावर चढवून बघतात. माझ्या मुलीसाठी स्थळ आले तेव्हा सगळे मुलाचा पगार विचारत होते आणि हे म्हणाले, "पगाराचं र्‍हाऊ द्या. ताणा कसा हाय घरचा, उभं सूत? आडवा बाणा काय, मागनं भरता येतोय." हवेच्या ओलीवर तर त्यांचा भारी जीव. सूत कोरडे पडले की तटातट तुटते, म्हणून कारखान्यात उन्हाळ्यात जमिनीवर पाणी मारायचे, भिंतीला ओली गोणपाटे टांगायचे. ती सवय त्यांनी घरी आणली. एप्रिल लागला की साडूभाऊ दुपारी बादली घेऊन घरभर पाणी शिंपडत हिंडतात. एकदा पलंगावर झोपलेल्या माझ्यावरही शिंपडले. मी दचकून उठलो तर शांतपणे म्हणाले, "पडा की पाव्हणं. सूत आन् माणूस, दोनी कोरडं पडलं की तुटतंय बगा."

त्यांच्यातली दुसरी अद्भुत गोष्ट म्हणजे त्यांचे नाक. नाक चांगले धारदार, चेहऱ्याला शोभणारे, फक्त त्याला वास येत नाही. मधली काही वर्षे ते रंगखात्यात होते, तिथल्या वाफांनी नाक कायमचे रजेवर गेले. पण ही गोष्ट साडूभाऊंना मान्य नाही. शेजारीच गॅसवर दूध करपून पातेले काळे ठिक्कर पडावे, गल्लीतली माणसे दार वाजवत यावीत, आणि हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पेपर वाचत बसलेले असावेत, हे मी स्वतः पाहिले आहे. वर म्हणतात, "मला आला की वास. म्हटलं, अक्का बगतील." सगळा गोतावळा त्यांच्या बायकोला अक्का म्हणतो, म्हणून तेही म्हणतात.

आता असा माणूस सिगारच्या वाटेला गेलाच का? त्याला कारण त्यांचा जोडीदार. कारखान्यात दोघांचे माग शेजारी शेजारी. जोडीदार घरात तेलुगू बोलणारा, यांच्याशी मराठी, आणि मागाशी भांडताना दोन्ही. एकदा कोणी परदेशी व्यापारी माल बघायला आला. टॉवेलवरच्या मोराची शेपटी बिघडत होती, ती या दोघांनी त्याच्यासमोर सुधारून दाखवली. खूश होऊन त्याने खिशातला एक सिगार काढून दोघांच्या हातात ठेवला. एक सिगार, धनी दोन! आत विडीकाडी न्यायला सक्त मनाई, सगळीकडे कापूस. साडूभाऊंनी तो आपल्या जेवणाच्या डब्यात भाकरीखाली दडवला आणि दुपारच्या सुट्टीत दोघे शेडच्या मागे बाभळीखाली जाऊन बसले. जोडीदाराने सूत तोडायच्या कातरीने सिगार कापला. तो नेमका भलत्या टोकाने, आणि इतका खोल, की वरचे पान पागोट्यासारखे सुटत गेले. तरी पेटवला. दोघांच्या तोंडात तंबाखूचा चुरा, डोळ्यांत पाणी, ठसका लागून बाभळीखाली आडवे. हसता हसता जोडीदार म्हणाला, "काय बे, वाया घालवला की! मरायच्या आधी एकदा बरोबर ओढायचा." साडूभाऊ म्हणाले, "ओढू."

पुढे कारखाना बंद झाला. जोडीदार मुलाकडे सुरतेला गेला तो गेलाच. फोन व्हायचे, भेट नाही. आणि मग एका हिवाळ्यात फोन आला की पुढच्या जूनमध्ये पुतणीच्या लग्नाला सोलापूरला येतोय. साडूभाऊंनी फोन ठेवला आणि त्याच क्षणी त्यांच्या अंगात सिगार संचारला.

शेजाऱ्यांचा मुलगा दुबईला असतो. त्याच्याकडून त्यांनी सिगार मागवले. "भारीतले नगं, पण अगदीच हलकंबी नगं, आपल्या टॉवेलासारखं मधलं आण," असा निरोप. तीन सिगार आले. साडूभाऊंनी मोबाइलवर सिगारचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. इंग्रजी बेताचे असल्याने आवाज बंद करून नुसते हात बघायचे. त्यातून त्यांना कळले की सिगार ठेवायला देवदार लाकडाची पेटी लागते, आणि पेटीची किंमत बघून हेही कळले की ती आपल्याला लागत नाही. "पेटी काय करती? ओल धरती. ओल आपण जन्मभर धरली की!"

पहिला सिगार त्यांनी लोखंडी कपाटात, शालूच्या घडीत ठेवला. आमचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या विरघळून जातात, तिथे सिगारची काय कथा! पंधरवड्याने उघडून बोट लावले तर कुरडईसारखा चुरचुरला. अक्कांच्या शालूत अजून तंबाखू सापडते. दुसरा त्यांनी माठाखालच्या ओल्या वाळूवर, पत्रावळीच्या तुकड्यात निजवला. हा उपाय इतका गुणकारी ठरला की सिगारला पांढरी दाढी आली. साडूभाऊंनी ती बुरशी बोटाने खरवडून पाहिली. मग म्हणाले, "बरोबर हाय. वल्लं सूत कुजतंय. ओल पायजे, पानी नगं." एक सिगार उरला आणि लग्न दोन महिन्यांवर आले.

याच वेळी अक्का आठ दिवसांसाठी माहेरी, वैरागला गेल्या, आणि घरात अनर्थ घडला. अक्कांचा एक डबा आहे. चारी बाजूंनी खटके असलेला, झाकणाला रबर असलेला, घट्ट म्हणजे असा की त्यातली मुंगीसुद्धा गुदमरावी. त्यात वर्षानुवर्षे एकच वस्तू राहत आली: अक्कांच्या हातची, उखळात कुटलेली शेंगाचटणी. साडूभाऊंनी ती चटणी परातीत ओतली आणि डबा घासायला घेतला. चिंचेने घासला, लिंबाने घासला, राखेने घासला, गच्चीवर तापत्या उन्हात दिवसचे दिवस पालथा घातला. मग तोंडाशी धरून एक दीर्घ श्वास घेतला आणि निकाल दिला, "काय बी वास न्हाय." त्या नाकाचा निकाल!

मग त्यात बाटलीच्या टोपणात ओल्या स्पंजचा तुकडा ठेवला, ओल मोजायचे एक चिमुकले स्वस्तातले यंत्र ठेवले. यंत्र खरे बोलते का हे तपासायला ते आधी ओल्या मिठाच्या वाटीबरोबर पिशवीत रात्रभर कोंडून ठेवले. ओल्या मिठाजवळ यायलाच हवा तो पंच्याहत्तरचा आकडा सकाळी त्यावर आला तेव्हा साडूभाऊंनी मला फोन करून कळवले, जणू नातू पास झाला. सिगार डब्यात गेला, डबा देवघराखालच्या कोनाड्यात गेला. अक्का परत आल्या, त्यांनी परातीतली चटणी पाहिली आणि जे बोलल्या त्यातले एवढेच छापण्याजोगे आहे: "ह्यांना भाजीत मीठ न्हाय ते कळत न्हाय, आन् हवेतली ओल मोजत बसलेत!"

कापण्याचा सराव त्याच सुमारास सुरू झाला. सिगार कापायचे खास पाते मिळते, पण अडकित्ता असताना ते कशाला? आमच्या सासूबाईंचा पितळी अडकित्ता थोरली म्हणून अक्कांकडे आला होता. सिगारचे बंद, गोल टोक असते ना, तिथे पानाची एक टोपी चिकटवलेली असते. त्या टोपीचा नुसता चकतीएवढा भाग उडवायचा. टोपीच्या खाली गेलात की पान सुटलेच. ही चकती साधावी म्हणून साडूभाऊंनी शेवग्याच्या शेंगांवर हात बसवायला घेतला. त्या महिन्यात त्यांच्याकडे रोज शेवग्याची आमटी होती, आणि एकेक शेंग टोकाला अशी नेमकी तासलेली, की आम्ही आमटी भुरकण्याआधी कौतुक करायचो.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा साडूभाऊ बाजारात गेले होते. अक्कांनी मला खुणेने कोनाड्याशी बोलावले, डब्याचे खटके उघडले आणि म्हणाल्या, "दाजी, वास घ्या."

मी घेतला. लसूण, जिरे, तिखट, भाजलेले शेंगदाणे. मधूनच कुठेतरी, वऱ्हाडात चुकून आलेल्या पाहुण्यासारखी, किंचित तंबाखू.

"रबरात मुरलीया," अक्का कुजबुजल्या. "बारा वर्सं घासला तरी जायचा न्हाय. आता काय करायचं?"

"सांगायचं का त्यांना?"

"कसं सांगता? शेवटचा हाय. दुबईचं पोरगं आता दिवाळीशिवाय येत न्हाय." मग खटके लावत म्हणाल्या, "रोज उटून आधी ह्याचं तोंड बगत्यात, मग माजं. मी न्हाय सांगनार. तुमी बी सांगायचं न्हाय."

अक्कांसारखी बाई, जिने उभ्या संसारात नवऱ्याची एक चूक पोटात घातली नाही, तिने ही घातली.

लग्न झाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जोडीदार आला. कारखान्यातल्या जुन्या फोटोत पाहिलेला आडवा माणूस आता उभा, बारीक झाला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. दारातच साडूभाऊ म्हणाले, "काय बे, सुरतंनं सगळं सूत उसवलं की तुजं!" तो म्हणाला, "तू बी कुटं लई घट्ट हायस बे!" आणि दोघे बराच वेळ एकमेकांचे दंड धरून नुसते हसत राहिले.

चहा झाला. साडूभाऊ आत गेले आणि डबा असा घेऊन आले की जणू पालखीच. जोडीदाराने डब्याकडे पाहिले. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "दोन नळ्या बसवल्यात आत. डॉक्टर म्हनतो, धूर बंद. शेजारच्याचा बी न्हाय."

साडूभाऊ थबकले. अडकित्ता त्यांच्या हातात होता. अख्ख्या उन्हाळ्याची तपश्चर्या त्या अडकित्त्यात उघडीच राहिली. मला वाटले, आता हे डबा घेऊन आत जाणार. पण ते खाली बसले, खटके उघडले, सिगार बाहेर काढला आणि म्हणाले, "मग पेटवायचा न्हाय. कापायला काय हरकत हाय? ते व्हिडिओवालंबी आदी न पेटवताच ओढून बगत्यात. नुसती हवा येती का, ते."

अडकित्ता वाजला. कपाळावरच्या टिकलीएवढी चकती चहाच्या बशीत पडली. पान जागचे हलले नाही. साडूभाऊंनी सिगार जोडीदाराच्या हाती दिला.

जोडीदाराने तो नाकाशी नेला. अक्का दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. मी छताकडे बघत होतो. लसणाचा वास माझ्यापर्यंत येत होता, म्हणजे त्याला तर थेट भिडला असणार. त्याने डोळे मिटले. पुन्हा वास घेतला. मग न पेटवलेला सिगार ओठांत धरून हळूच एक झुरका ओढला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"काय झालं बे?" साडूभाऊंचा आवाज बारीक झाला. "बिगडलाय?"

"न्हाय बे," तो म्हणाला. "तोच हाय. बाबळीखालचा. अगदी तोच वास, तुज्या आईशप्पत! सुरतंत पोरानं एकदा हुंगायला दिलता कुनाचा तरी, त्याला हा वासच नव्हता. म्हटलं, हे डुप्लिकेट हाय."

मी अक्कांकडे पाहिले, अक्कांनी माझ्याकडे. तो पहिला सिगार भाकरीखाली, डब्यात, अर्धा दिवस अक्कांच्याच चटणीशेजारी निजला होता, हे तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरले. साडूभाऊंना यातले काहीच कळले नाही. ते फक्त छाती फुगवून म्हणाले, "म्हटलं नव्हतं? ओल बरोबर पायजे!" मग एक कोरडा झुरका याने, एक त्याने, असे दोघे ऊन उतरेपर्यंत ओढत बसले. मोराच्या शेपटीवर बोलत होते. दोनदा ठसकासुद्धा लागला.

आता जोडीदार सुरतेला आहे आणि सिगार कोनाड्यात. दर रविवारी त्याचा फोन येतो. तब्येत, पाऊस, नातवंडे सगळे झाले की शेवटी एकच प्रश्न असतो. परवा मी तिथेच होतो. साडूभाऊंनी फोन कानाशी धरूनच डबा उघडला, सिगार माझ्या नाकाखाली आणला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, जरा बगा. मला सर्दी झालीया. तसाच हाय का?"

मी वास घेतला. तंबाखू आता उरलीच नव्हती. दारातून अक्का माझ्याकडे बघत होत्या. उखळाजवळ लसूण सोललेला होता, आणि डब्याच्या झाकणाच्या रबराला, आतल्या बाजूने, ताज्या चटणीचे एक तांबडे बोट पुसलेले होते.

"तसाच हाय," मी म्हणालो.

"तसाच हाय म्हनत्यात," साडूभाऊंनी फोनमध्ये सांगितले. "तू ये की."