टेस्ट चाली ऱ्हायनी

रनाळ्याच्या घरात, वरच्या खोलीत बसून मी मेनफ्रेमसाठी कोड लिहितो. मेनफ्रेम म्हणजे बँका वापरतात ती मोठी यंत्रं. एकाच्या पोटात शेकडो आभासी यंत्रं चालतात. असं आभासी यंत्र बंद न करता त्याला जादा मेमरी जोडता यावी, हे आमचं काम होतं.

जोडणं जमलं होतं. पण ते आभासी यंत्र पुन्हा सुरू केलं, तर जोडलेल्या मेमरीतलं जुनं सगळं पुसलं जायला हवं; ते जातं का? हे तपासायचं काम तळोद्याच्या एका सहकारी बाईंकडे होतं. मुलीच्या आजारपणात नोकरी सोडून त्या नुकत्याच परतल्या होत्या. अजून कायम व्हायच्या होत्या.

मुदतीच्या दिवशी दुपारी मी फोन केला.

"ताई, टेस्टनं काय व्हयनं?"

"टेस्ट चाली ऱ्हायनी, भाऊ."

चाली ऱ्हायनी म्हणजे चालू आहे. हे मला कुणी समजावायला नको, घरात आम्ही हेच बोलतो. तरी मी पॅचखाली, म्हणजे पाठवायच्या कोडखाली, ओळ लिहिली, 'तपासले', आणि पुढे त्यांचं नाव. आमच्या धंद्यात ती ओळ म्हणजे सही. ज्यानं तपासलं त्यानंच ती द्यायची. मी ती परस्पर केली आणि पॅच पाठवून जेवायला खाली गेलो. जेवण गोड लागलं, याचा आजही संताप येतो.

आठवडाभरात ग्राहकाच्या चाचणीत दोष निघाला. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि जुना मजकूर तसाच मेमरीत बसलेला. मीटिंगमध्ये साहेबांनी ती ओळ सगळ्यांसमोर वाचली.

"तपासलं होतं ना, मॅडम? की तुमच्या भागात बघणं म्हणजेच तपासणं?"

दोनतीन जण हसले. तुमच्या भागात. तो माझाही भाग होता. मी माझा माइक बंदच ठेवला. साहेबांचा राग आला, हसणाऱ्यांचा आला, आणि त्या रागाच्या आड मी आरामात लपलो. ताईंना कायम करणं पुढे ढकललं गेलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, मी 'चाली ऱ्हायनी' म्हनेल व्हतं. 'व्हई गई' नही. मन्हं नाव काबर टाकं?"

मी म्हणालो, गडबडीत झालं. तेही खोटं. गडबड नव्हती, मला वेळेत पाठवल्याची शाबासकी हवी होती.

दुसऱ्या दिवशी, पॅच जिथे पाठवला होता त्याच, कंपनीबाहेरचेही वाचतात त्या ईमेल-यादीवर मी लिहिलं: ही ओळ मी टाकली, त्यांना न विचारता, त्यांची तपासणी संपली नव्हती. पाच मिनिटांत साहेबांचा फोन.

"हे बाहेर कशाला लिहिलंस? घरातच मिटवलं असतं."

"त्यांचं नाव बाहेरच टाकलं होतं," मी म्हणालो.

त्या कायम झाल्या का? अजून नाही. साहेब म्हणतात, बघू. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, पण तो त्यांच्या तोंडी मीच घातलाय.

दोष काढून नवा पॅच मी ताईंना तपासायला पाठवला. 'तपासले'च्या पुढे जागा कोरी ठेवली. चार दिवसांनी विचारलं.

"चाली ऱ्हायनी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मुदत काल गेली. पॅच अजून पुढे पाठवलेला नाही, माझ्याकडेच आहे.