तांबड्या सुताची गाठ

नत्थूजी रात्रीच्या कामाचे दिवे तयार करायचे आणि स्वतः मात्र कधी रात्री रस्त्यावर थांबायचे नाहीत. संध्याकाळी सातला गाडी भरून गेली की हातपाय धुवायचे, रिकामा डबा पिशवीत टाकायचे आणि सायकलवर टांग मारून घरी. साडेनऊला झोप. "मी झोपतो म्हणून ते दिवे जागतात," असं वर आम्हालाच ऐकवायचे.

मी वच्छला. त्याच गोदामात शिलाई मशीनवर बसते. रस्त्यावरच्या मजुरांची केशरी जॅकेटं फाटून येतात, ती शिवते, उखडलेल्या रेडियमच्या पट्ट्या पुन्हा लावते. माझी मशीन आणि नत्थूजींचं टेबल यांच्यामध्ये एक लोखंडी खांब, तेवढंच अंतर. बारा वर्षं त्या खांबाच्या दोन बाजूंनी आम्ही भांडलो आणि एकाच किटलीतला चहा प्यायलो. जे घडलं ते कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. सहा महिने मी ती पाळली. आता गेली ती शपथ खड्ड्यात.

गोदाम एका रस्ते ठेकेदाराचं, त्यांना आम्ही साहेब म्हणतो; नंदनवन वस्तीच्या पुढे. दुपारी दोनला ब्लिंकर चार्जिंगवरून निघायचे. ब्लिंकर म्हणजे खोदलेल्या रस्त्याभोवती ठेवायचे ते लुकलुकणारे पिवळे दिवे. दिवसाउजेडी दिवा लागला की नाही ते दिसतं, पण किती लागला ते दिसत नाही. म्हणून नत्थूजी बायकोचं एक जुनं काळं लुगडं डोक्यावरून घ्यायचे, त्याच्या आत दिवा धरायचे आणि शंभरपर्यंत मोजायचे. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली! आतून "बासष्ट, त्रेसष्ट" असा आवाज यायचा आणि हमाल हसून लोळायचे. मीसुद्धा हसले आहे. पण शंभरच्या आत एकदा जरी दिवा अडखळला तरी तो बाद. मग कुणी कितीही घाई करो.

पास झालेल्या दिव्याच्या कडीला ते तांबडं सूत बांधायचे. त्यांचे वडील कोष्टी, आयुष्यभर हातमागावर लुगडी विणली. वडील गेले, माग इतवारीच्या बाजारात मोडीत गेला, पण तांबड्या सुताची एक मोठी रीळ नत्थूजींनी ठेवली होती. वडील विणलेल्या लुगड्याच्या शेवटी आपल्या खुणेचे दोन तांबडे धागे टाकायचे. बाजारात कुणी तक्रार केली तर ते दोन धागे पाहून मान्य करायचे, नाहीतर सरळ परत पाठवायचे. तीच रीत नत्थूजींनी दिव्यांना लावली. साइटवरची माणसं इतकी सरावली होती की सूत नसलेला ब्लिंकर गाडीतून उतरवूनच घ्यायची नाहीत, आणि सूत दिसलं की पुन्हा तपासायची नाहीत.

आणि गाठ. मागावर धागा तुटला की विणकर जी बारीक गाठ मारतो, ती. दोन बोटांत काहीतरी होतं आणि झालं. मी शिंपीण, आयुष्य दोऱ्यात गेलं माझं, तरी मला ती कधी जमली नाही. नत्थूजींच्या गाठीची टोकं नेहमी उजवीकडे पडायची. गाठ जमली ती फक्त त्यांच्या पोरीला, प्रणालीला. शाळेत होती तेव्हा सुटीत गोदामात यायची, बापाशेजारी स्टुलावर बसायची, बटन दाबून दिवा बघायची आणि सूत बांधायची. पोरगी डावखुरी, म्हणून तिच्या गाठीची टोकं डावीकडे. नत्थूजी चिडवायचे, "तुयी गाठ उलट्या दिशेनं पयते वं!" तीही लगेच म्हणायची, "पयते, पण सुटत नाही." बापाचा जीव होता पोरीवर. तिच्या लग्नात सोनं बेताचंच घातलं, पण आजोबाची आठवण म्हणून ती रीळ अर्धी करून तिच्या पेटीत ठेवली.

जावई संजीव. लग्नानंतर वर्षभर त्याच्याकडे काम नव्हतं. नत्थूजींनी साहेबांपुढे बारा वर्षांत पहिल्यांदा हात जोडले ते त्याच्यासाठी. साहेबांनी त्याला गाडीवर घेतलं. गोदामातून सामान न्यायचं, साइटवर उतरवायचं, सकाळी परत आणायचं. गोड बोलणारा माणूस. मलाही "मावशी, मावशी" करायचा. खरं सांगते, मला तो आवडायचा, आणि आता त्याचाच जास्त राग येतो.

मे महिन्यात, लग्नसराईच्या भरात, एका वळणरस्त्यावर खोदकाम सुरू होतं. रूपराव नावाचा भाजीवाला मोटारसायकलवरून गावाकडे परतत होता, तो सरळ खड्ड्यात गेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. खड्ड्याभोवती बारा ब्लिंकर होते आणि बाराही विझलेले. बाराही दिव्यांना तांबडं सूत होतं.

सकाळी ही बातमी गोदामात आली तेव्हा मी नत्थूजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला नाही. उलट ताठ उभे राहिले.

"माये दिवे नाहीत ते," म्हणाले. "काल म्या बारा दिवे शंभर-शंभर मोजून देल्ले. कोणीतरी बदलवले."

साहेब म्हणाले, "नत्थूजी, सूत आहे त्याच्यावर."

"सूत तं कोणीबी आणते, साहेब. दुकानात भेटते. गाठ भेटत नाही." आणि मग, सगळ्यांसमोर, हमालांसमोर, माझ्यासमोर, छातीवर हात ठेवून बोलले, "दिवे आणा येथे. माया हातची मागावरची गाठ असन, तं म्या गुन्हेगार. आत्ताच घरी जातो."

किती खुशीत होते त्या क्षणी! मला म्हणाले, "पाहा तुम्ही वच्छलाबाई, आता चोराची गाठ कशी उघडी पयते."

संजीव गाडीवरून पोतं घेऊन आला. "बाबा, मी तं तुम्ही देल्ले तेच नेले," असं खाली मान घालून पुटपुटला. साहेबांनी बाराही दिवे नत्थूजींच्या टेबलावर ओळीत मांडले. जुने, भंगारातले, आतून पाणी गेलेले दिवे. नत्थूजींनी चष्मा पुसला, पहिला दिवा उचलला, कडी डोळ्यांजवळ नेली. मग दुसरा. मग तिसरा. चौथा त्यांनी उचललाच नाही.

मी उठून खांबाला वळसा घालून गेले. गाठ मागावरचीच होती, बारीक, घट्ट. टोकं डावीकडे.

एकाही गाठीची टोकं उजवीकडे नव्हती. बारा दिवे, बारा डाव्या गाठी. मी तोंड उघडलं, तेवढ्यात नत्थूजींनी टेबलाखालून माझा पदर ओढला. बारा वर्षांत त्या माणसानं कधी माझ्या पदराला बोट लावलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "काय, नत्थूजी?"

"गाठ मायीच आहे," ते म्हणाले.

साहेबांना नवल वाटलं, पण तेवढंच. त्यांना संध्याकाळपर्यंत एक नाव हवं होतं, ते दुपारच्या आत मिळालं. नत्थूजींनी लुगड्याची घडी केली, पिशवीत टाकली आणि निघाले. संजीव मागे उभा होता. सासऱ्याला बाहेर सोडायलाही गेला नाही.

मी मशीनवर कपडा टाकला आणि त्यांच्या मागे धावले. "तुम्हाले अक्कल आहे का?" मी रस्त्यातच ओरडले. "काहून घेतलं अंगावर?"

"चला माया संगं," एवढंच म्हणाले.

सायकल तिथेच ठेवून आम्ही ऑटोनं प्रणालीच्या घरी गेलो. दारात आम्हाला दोघांना पाहून ती आधी हसली, मग माझं तोंड पाहून थांबली. आतल्या फळीवर, देवाच्या फोटोशेजारी, ती तांबडी रीळ होती. बरीच उतरलेली.

नत्थूजी बसले नाहीत. "बेटा, बारा गाठी तूच बांधल्या?"

तिनं फळीकडे पाहिलं.

"मी रागावून नाही राहिलो. पोतं आणून जवायानं सांगितलं असन, बांध म्हणून, आन् तू बांधल्या. तुले काय माहीत, दिवे कसे आहेत ते. हो ना?"

किती आशेनं विचारलं त्यांनी ते! उत्तर स्वतःच तिच्या हातात दिलं होतं. तिनं नुसतं "हो" म्हटलं असतं, तर तो माणूस तसाच, हलक्या मनानं घरी गेला असता. मी देवाशपथ सांगते, मीसुद्धा मनात म्हणत होते, म्हण वं बाई, हो म्हण.

प्रणाली रडायला लागली. "एका लॉनवाल्याले पार्किंगसाठी दिवे पायजे होते, बाबा. लगन होतं मोठं. हे म्हणे, एकाच रातीचा प्रश्न आहे, चांगले तिकडं देतो, हे रस्त्यावर ठेवतो. सुताशिवाय साइटवाले घेत नाहीत म्हणे."

"पण तुले माहीत नव्हतं ना, ते बंद आहेत?"

"बटन दाबून पाह्यलं होतं म्या," ती म्हणाली. "सगळ्यायचं. एकबी लागला नाही. तुम्हीच शिकवलं होतं ना, की पयले बटन, मंग सूत."

नत्थूजी फळीकडे गेले, रीळ उचलली, हातात फिरवून पाहिली आणि परत होती तिथेच ठेवली. मला वाटलं होतं, घेऊन जातील. तिनं चहाचं विचारलं. "नको," म्हणाले, आणि पायऱ्या उतरताना पहिल्यांदाच त्यांनी कठड्याचा आधार घेतला.

खाली आल्यावर मला शपथ घातली. "पोरीचा संसार आहे, वच्छलाबाई."

मी म्हटलं, "आन् त्या भाजीवाल्याचा नाही?"

दुसऱ्या दिवसापासून ते रामदासपेठेतल्या दवाखान्यात जायला लागले, रूपरावसाठी डबा घेऊन. त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, "तूच का गा तो दिवेवाला?" ते "हो" म्हणाले. तिनं डबा घेतला नाही. तरी पंधरा दिवस जात राहिले. संजीव एकदाही गेला नाही, आणि प्रणालीही नाही.

आता नत्थूजी घरीच असतात. मी अधूनमधून जाते. गोदामाचं काही विचारत नाहीत, मीही सांगत नाही. मध्यंतरी कुणीतरी त्यांच्याकडे दाराच्या तोरणाला गाठ मारून मागितली, तर म्हणाले, मला येत नाही.

जे मी त्यांना सांगत नाही, ते इथे सांगते. नत्थूजींच्या टेबलावर आता संजीव बसतो. साहेब म्हणाले, घरातलाच माणूस आहे, त्याला काम माहीत आहे. सुताची रीतही साहेबांनी चालू ठेवली, साइटवाल्यांना भरवसा वाटतो म्हणून. संजीव लुगडं घेत नाही, मोजत नाही. सकाळी साइटवरून आलेले दिवे पोत्यात भरून घरी नेतो, सूत बांधून आणतो आणि चार्जिंगला लावतो.

गाठी सगळ्या डावीकडे पडतात. रोज दुपारी तो जेवायला गेला की मी मशीनवरून उठते, जॅकेटाचं केशरी कापड डोक्यावर घेते आणि एकेका दिव्याचं बटन दाबून शंभरपर्यंत मोजते. हमाल हसतात.