अप्पांचा रिकामा गळा

गाव सोडलं त्या दिवशी माझ्यासोबत एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या आणि अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, फडक्यात बांधून दिलेल्या कडक भाकरी होत्या. दारात मिशनची जीप उभी होती. दार म्हणजे तरी काय, पुरानंतर सरकारनं टाकलेल्या पत्र्याच्या शेडचं तोंड. अव्वा पदरात तोंड खुपसून रडत होती. आणि माझा बाप, आमचे अप्पा, माझ्याकडे पाठ करून पोत्यावर बसले होते. तीन आठवडे ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. जीप सुरू झाली तेव्हा मान न वळवता म्हणाले, "जातीस तर जा. गळ्यातलं सांभाळ."

लातूर येईपर्यंत ते वाक्य माझ्या कानात वाजत राहिलं.

परवा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "नंदा पुरात किरिस्ताव झाली अन् गेली." खाली सतरा अंगठे. म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही गावात राहिलात, काहीजण माझ्यासारखे नांदेड-लातूरला पांगलात, पण पुरात त्या शाळेत आपण सगळे एकत्र होतो. तिथं जे झालं त्यातलं अर्धंच तुम्हाला दिसलं. उरलेलं मला माहीत आहे आणि मी गप्प राहण्यातली नाही, हे तर तुम्हाला तेव्हाच कळलं.

पाणी पहाटे आलं. दोर धरून, गळ्याइतक्या पाण्यातून आपण खालची गल्ली सोडली आणि माळावरच्या गावातल्या झेडपीच्या शाळेत पोचलो. अप्पांचं किराणा दुकान गेलं, घर गेलं. शाळेच्या वऱ्हांड्यात ओलेचिंब बसलेले असताना अप्पांनी सदऱ्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गळ्यातला दोरा तुटला होता. चांदीच्या डबीसकट लिंग पाण्यात गेलं होतं.

जे आमच्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लिंगायत. लहानपणी स्वामी गळ्यात लिंग बांधतात ते मरेपर्यंत उतरवायचं नाही. रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास. हल्लीची पोरं विसरतात, पण अप्पा जुन्या वळणाचे. लिंग हरवलं तर स्वामींच्या हातून नवं मिळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. आणि हरवलं हे चारचौघांत सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्यांनी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि अव्वाला न् मला शपथ घातली. "कुणाला सांगितलंसा तर माझं मेलेलं तोंड बगाल." म्हणाले, जळकोटकडचा रस्ता मोकळा झाला की स्वतः स्वामींकडे जाईन.

त्याच दुपारी नांदेडहून मिशनची जीप आली. एक पास्टर, दोन स्वयंपाकी आणि रूथ सिस्टर. ही मूळची जालन्याकडची, साध्या सुती साडीतली नर्स, आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारी. तरी गल्लीतल्या बायकांनी पहिल्या तासात ठरवून टाकलं की ही इंग्रजीतच विचार करते. खिचडी शिजली. वाढण्याआधी पास्टरांनी डोळे मिटून दोन मिनिटं प्रार्थना केली. खरं सांगते, मलाही ते खटकलं. उपाशी माणसाला तेवढंसुद्धा थांबवू नये. पण लोक थांबले, जेवायला बसले, आणि पत्रावळ अप्पांपुढं आली. अप्पांनी ती हातानं बाजूला सारली.

बास. एवढंच झालं, आणि पुढचं सगळं आपण आपल्या डोक्यानं घडवलं. "अप्पा किरिस्तावाच्या हातचं खाईनात!" ही बातमी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. ज्या माणसाच्या दुकानात गावातल्या भांडणांचा निवाडा व्हायचा, तो जेवत नाही म्हटल्यावर आपण कसं जेवायचं? संध्याकाळी निम्म्या पत्रावळी तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी कढई भरलेली आणि बायका पोरांना भिजलेले चुरमुरे चारून राहिल्या होत्या. म्हातारे अप्पांपाशी येऊन म्हणत, "बरूबर केलं अप्पा. लाज राखलीसा." अप्पा भिंतीकडं बघायचे. धर्मासाठी लढतोय म्हणून सगळा गाव ज्याला मान देत होता, तो माणूस टॉवेलखाली रिकामा गळा लपवून बसला होता. मला ओरडावंसं वाटत होतं आणि शपथ आडवी येत होती.

अप्पांना साखरेचा आजार. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जीभ जड झाली. सिस्टर सलाईन घेऊन आली तर हातानंच नको म्हणाले. त्याच सुमारास पाच-सहा मोटारसायकली शाळेच्या गेटवर येऊन थांबल्या. तालुक्याकडची पोरं होती, आपल्यातल्याच कुणीतरी बोलावलेली. त्यांनी पास्टरांना सांगितलं, दिवस मावळायच्या आत चुली विझवा आणि चालते व्हा, नाहीतर जीप जागेवर राहणार नाही. खोलीत अप्पांचा श्वास लागला होता. अव्वा त्यांचे तळपाय चोळत माझ्याकडं बघत होती.

मी उठले आणि पाण्याच्या टाकीमागं सिस्टरला गाठून सगळं सांगून टाकलं. शपथेसकट.

ती हसली नाही, की हळहळली नाही. तिनं एवढंच विचारलं, "नवं कोण देतं?"

"आमचे स्वामी. जळकोटच्या पलीकडं ऱ्हातात."

"घर दाखवशील?"

पास्टरांनी तिला अडवलं. ते चांगले गृहस्थ होते, पण चिडले होते. म्हणाले, "मिशनच्या गाडीतून आपण दुसऱ्यांचा गुरू आणायचा? आपण इथं कशासाठी आलो आहोत?" सिस्टर किल्ली घेत म्हणाली, "या माणसानं जेवावं म्हणून." आणि मी सगळ्या गावादेखत मिशनच्या जीपमध्ये बसले. तुम्ही मला बघितलं ते तेव्हा. कुणीतरी मागून ओरडलंही, "नंदी गेली गं किरिस्तावात!"

दोन ठिकाणी रस्ता तुटला होता. एका ओढ्यात जीप बंद पडली तेव्हा सिस्टरनं साडी खोचली आणि आम्ही दोघींनी ढकलली. स्वामींनी माझं ऐकून घेतलं, एकदा सिस्टरकडे बघितलं, आणि पूजेची पिशवी उचलून गाडीत बसले. वाटेत मी सारखी आकाशाकडं बघत होते. सूर्य कलला होता, आणि अप्पा आहेत की गेले हे सांगायला फोनला रेंज नव्हती.

गेटवर पोरांनी जीप घेरली. एकानं बॉनेटवर हात आपटला. स्वामी खाली उतरले आणि म्हणाले, "सरा बाजूला. अप्पांना लिंग बांधायचं हाय. पुरात गेलं त्यांचं." बॉनेटवर हात आपटणारा दोन पावलं मागं सरला. तीन दिवसांचा सगळा मान त्या एका वाक्यानं उतरला, आणि तो मी उतरवला होता.

टॉवेल बाजूला झाला. नवा दोरा गळ्यात पडला. तळहातावर लिंग घेऊन अप्पांनी पूजा केली, तीर्थ घेतलं आणि डोळे उघडून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. मग सिस्टरच्या हातून थंडगार खिचडीचे चार घास खाल्ले. मागोमाग गावातली पोरंबाळं कढईकडं पळाली. मोटारसायकली कधी गेल्या ते कळलंच नाही.

माणूस वाचला, आणि माझं मात्र गावात कठीण झालं. आपण तीन दिवस उगाच उपाशी राहिलो याचा राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. "सिस्टरनंच दोरा तोडला," असंही कुणी म्हणालं. अप्पा तर बोलायचेच थांबले. मी वाढलेलं ताट ते अव्वाच्या हातून मागून घ्यायचे. सिस्टरनं लातूरला नर्सिंगच्या कोर्सचं विचारलं तेव्हा मी एका दमात हो म्हणाले.

लातूरनं मला हॉस्टेलची मेस, नाइट ड्यूटी, वॉर्ड आणि इंजेक्शनची भाषा दिली. सकाळी क्लासच्या पोरांच्या गर्दीतून स्कूटी काढत मी हॉस्पिटलला जाते. पहिली दोन वर्षं डाळमिलजवळून जाताना तुरीचा वास आला की अप्पांचं दुकान आठवून रडू यायचं. आता येत नाही, आणि त्याचंच कधीकधी वाईट वाटतं. आणि हो, ग्रुपवाल्यांनो, लिंग माझ्या गळ्यात आहे. रोज पूजा करते. रूथ सिस्टरही आता लातूरला आमच्याच हॉस्पिटलात असते; ती तिची प्रार्थना करते. कधी माझ्यासाठीही करते, मला विचारून.

गेल्या महिन्यात अप्पांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आणलं. सात वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या खोलीवर आले. आले ते अव्वाशी बोलत, माझ्याशी नाही. दुपारी मी रूथ सिस्टरलाही जेवायला बोलावलं होतं, पण तिला ओपीडीत उशीर झाला. अप्पांची पूजा झाली. मी ताट वाढलं. त्यांनी हात लावला नाही. अव्वा दोनदा म्हणाली, "जेवा की आता, साखर खाली यील." तरी नाही. वाटलं, माझ्या हातचं अजूनही नकोच यांना.

मग ते म्हणाले, अव्वाला नाही, मला, "नंदे, ती येऊ दे. तवा तीन दिस म्या जेवलो न्हाई, तर तीबी जेवली न्हाई. तुमी कुनी बगितलं न्हाई. मला खिडकीतून दिसत व्हतं. दोन्ही टाईमाला ताट झाकून ठिवायची."

तासाभरानं सिस्टर घाम पुसत आली. मी तिला विचारलं तर म्हणाली, "छे गं, तेव्हा माझं पोटच बिघडलं होतं." खरं काय ते तिलाच माहीत. अप्पांनी तिला पाट सरकवून दिला. मी वाढायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"तू बी बस. भाकर निवून राहिली."

खालची गल्ली आता झुडपांत गेली आहे. नव्या वसाहतीतला आमचा प्लॉट मला शोधावा लागतो. घर कुठं म्हणून विचारलंत तर आता मी लातूरच्या या दहा बाय बाराच्या खोलीचा पत्ता सांगते. त्या दुपारी माझा बाप इथं माझ्या हातचं जेवला.