केरात टाकलेला घरमालक

उंदराच्या गर्भाला अहो-जाहो करणारी व्यक्ती साऱ्या पुण्यात एकच होती, आणि ती माझ्या वाट्याला पीएचडीची गाईड म्हणून आली. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. गर्भ ज्या उबदार कपाटात वाढतात त्याचं दार उघडण्याआधी बाई दोन बोटांनी टकटक करत आणि विचारत, "येऊ का?" उत्तर यायचं नाही, तरी क्षणभर थांबत. डाव्या मनगटावर दोन घड्याळं. एक पुण्याचं, दुसरं गर्भांचं. नवी खेप कपाटात गेली की दुसऱ्याचे काटे बारावर आणायचे. एकदा धायरीच्या बसस्टॉपवर एका गृहस्थांनी वेळ विचारली, तर बाईंनी नेमकं दुसरं घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन पेशी व्हायला अजून सहा तास आहेत." गृहस्थ पुढच्या स्टॉपपर्यंत चालत गेले. कपाटावर बाईंच्या अक्षरात पाटी होती: 'आत गर्भ वाढत आहेत. फोनवर ओरडू नये. त्यांना कान नाहीत, मला आहेत.'

बाईंचं सगळं आयुष्य डीएनएमधल्या उडाणटप्पू तुकड्यांत गेलं. एका जागेवरून उठून दुसरीकडे घुसायचं, नाहीतर स्वतःची नक्कल काढून तिसरीकडे बसवायची, हा या तुकड्यांचा उद्योग. काही तर जुन्या विषाणूंचे वंशज. कधीकाळी बाहेरून आले आणि इथलेच झाले. आपला जवळजवळ निम्मा डीएनए असल्यांनीच भरलेला आहे, आणि बरीच वर्षं मोठमोठे लोक त्याला कचरा म्हणत आले. बाईंच्या प्रयोगशाळेत हा शब्द काढणाऱ्याला आठवडाभर काचसामान धुवावं लागे. मी पहिल्याच दिवशी काढला. "धुवा," बाई म्हणाल्या. "आणि धुता धुता आठवा, हे तुम्हाला कोणी सांगितलं."

मी यवतमाळकडची. वडील इथे कारखान्यात फिटर, घर बिबवेवाडीत दोन खोल्यांचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी खाली मान घालून सांगत नाही. म्हणूनच दुसऱ्या वर्षी माझ्या प्रयोगातून शून्य बाहेर आलं तेव्हा मला ते फार लागलं. गर्भ दोन पेशींचा असताना हे तुकडे जागे होतात, हे मला दाखवायचं होतं. जागा झालेला तुकडा पेशीत स्वतःच्या अक्षरांच्या ओळी सोडतो; त्या वाचून डीएनएच्या कुठल्या जागेशी जुळतात ते संगणकावर पाहायचं. काहीच दिसेना. पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीची बैठक आठवड्यावर आली होती, आणि विषय बंद करणार अशी कुजबुज होती. वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुले पटते ना? मंग सोडू नको."

बाईंनी माझी सगळी आकडेमोड मागवली आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवून विचारलं, "एकाच वेळी शंभर ठिकाणी जुळणाऱ्या ओळींचं तुम्ही काय केलंत?"

"गाळल्या, बाई. सगळेच गाळतात. कुठल्या जागेच्या आहेत ते कळत नाही ना."

"अहो, नकला काढत फिरणारा तुकडा शंभर ठिकाणी जुळणार नाही तर काय करील? घर झाडलंत ते उत्तम. पण झाडताना घरमालकालाच केरात टाकलंत!"

तीन दिवस मी तो केर चाळला. पडद्यावर आलेखाचा असा सुळका उभा राहिला की बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "बैठकीत मी बोलणार नाही. तुम्ही बोला."

समितीतले एक ज्येष्ठ सर खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, या भंगारात विद्यार्थिनीची वर्षं कशाला घालवताय?" मग माझ्याकडे वळले. "तुम्ही बाहेरगावच्या ना? लवकर नोकरी लागेल असा विषय घ्या." एरवी बाईंनी त्यांना दोन वाक्यांत घरी पाठवलं असतं. त्या दिवशी त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मी उठले.

"सर, भंगार म्हणून हे मीच फेकलं होतं," मी म्हणाले आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली, चुकलेलं आधी. "दोन पेशींच्या गर्भात हे तुकडे जागे झालेले दिसताहेत. यांतला एक प्रकार आमच्या प्रयोगशाळेत आधीच बंद पाडून पाहिला आहे. बहुतेक गर्भ दोन पेशींवरच थांबले. बाहेरून आले असतील, सर. पण यांच्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. मी विषय बदलणार नाही."

सर पुढे वाकले. "ते दुसरं चित्र परत दाखवा." विषय राहिला. बाहेर आल्यावर शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. बाई म्हणाल्या, "आलेखाच्या उभ्या रेघेवर एकक लिहायचं राहिलंय."

मागच्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला ठाम नकार. संध्याकाळी दुसरं घड्याळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "चार मिनिटं पुढे आहे, लक्षात ठेवा." मग कपाटापाशी गेल्या. दार उघडायचं नव्हतं, तरी टकटक केली. दोन पेशींची नवी खेप आत होती, माझी. बाई थोडं वाकून म्हणाल्या, "येते हं."

आणि क्षणभर थांबल्या.