शंभरातला एक दाणा

आमच्या मावशीला तिच्या नजरेमुळे सगळे घार म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. बालवाडीच्या स्वयंपाकघरात ती मुख्य आणि मी तिच्या हाताखाली. रोज तीस पोरांचा भात शिजायचा. मावशी परात घेऊन खिडकीशी तांदूळ निवडायला बसली की तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. बारा वर्षांत एकाही पोराच्या दाताखाली खडा आला नाही, हे ती अनोळखी माणसालाही थांबवून सांगायची.

तिची नातही त्याच बालवाडीत होती. चार वर्षांची, पण नव्या बाईंनी पहिल्या दिवशी उंची बघून तिला अडीच वर्षांच्या पोरांत बसवलं. नर्सताई दर महिन्याला येऊन उंची मोजायची, आणि नातीचा आकडा जागचा हलत नव्हता. पोर खुरटी राहणार की काय, या एका काळजीनं मावशीची झोप उडाली होती.

त्याच सुमाराला नव्या तांदळाची पोती आली. त्यात मधूनच पिवळट, गुळगुळीत दाणे दिसायचे. "प्लास्टिक आहे मेलं! म्हणूनच पोरं वाढत नाहीत," मावशीनं निकाल दिला. मग रोज आम्ही दोघी डोळे फुटेस्तोवर ते दाणे वेचायचो. मूठभर निघायचे. पुरावा म्हणून मावशी ते डब्यात साठवायची.

चार महिन्यांनी डबा भरला, तेव्हा तिनं तो नर्सताईच्या टेबलावर उपडा केला. "बघा, हे खायला घालता आमच्या लेकरांना!"

नर्सताई हसायला लागली आणि एकदम थांबली. "मावशी, हे सगळे तुम्ही वेचलेत?"

"एक जरी सुटला असेल तर नाव बदलीन."

"अहो, हे मुद्दाम मिसळलेत. तांदळाच्याच पिठात लोह नि जीवनसत्त्वं घालून दाणे बनवतात. शंभरात एक. तुमच्या नातीच्या अंगात रक्त कमी आहे ना, तिच्यासाठीच आहेत हे."

खोटं कशाला बोलू, मला हसू येत होतं. पण मावशीचा चेहरा पाहिला आणि मी सांडलेले दाणे परत डब्यात भरायला लागले. "म्हणजे पोरीच्या ताटातलं मीच काढलं," एवढंच ती म्हणाली.

"एकट्या दाण्यानं उंची वाढतही नाही आणि अडतही नाही," नर्सताई म्हणाली. "जंत असतात, आजारपण असतं. तिला औषध देऊ. तुम्ही फक्त वेचू नका." मावशी अख्खा डबा त्याच दिवशी भातात ओतायला निघाली होती. नर्सताईनं तो काढून घेतला.

पुढच्या पालकसभेत मावशीनं उभं राहून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आया तिला फाडून खाणार. पण त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. घरच्या रेशनच्या तांदळातून त्याही तेच दाणे वेचून टाकत होत्या.

सहा महिने गेले. परवा नर्सताईनं नातीला पट्टीला टेकवलं. "सहा महिन्यांत साडेतीन सेंटिमीटर वाढली."

"टाचा टेकल्यात का बघा," मावशी म्हणाली. टेकल्या होत्या. "केस दाबून मोजा." दाबून मोजलं. तरी साडेतीनच. रक्तही वाढलं होतं. मावशी मटकन स्टुलावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तांदूळ धुताना एक पिवळट दाणा जमिनीवर पडला. बारा वर्षं खाली सांडलेलं काही उचलून पातेल्यात न घालणारी आमची घार गुडघ्यावर हात टेकत वाकली. तिनं दाणा शोधला, नळाखाली दोनदा धुतला आणि शिजायला ठेवायच्या तांदळात टाकला.

मी बघत होते. "हसतेस काय?" ती माझ्यावर खेकसली. "कोणाच्या तरी पोराचा आहे तो."