धाकटीच्या नावाची बिस्किटं

धाकटी गेली तेव्हा भिलाईच्या सेक्टर दहामधलं आमचं क्वार्टर अजून नवं होतं. भिंतींना चुन्याचा वास यायचा, अंगणात एक झाड नव्हतं, आणि वारा सुटला की कारखान्याच्या बाजूची लाल धूळ दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसायची. उन्हाळा सरता सरता तिला ताप आला. दवाखाना झाला, औषधं झाली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. एका सकाळी ती माझ्या मांडीवरच गेली. अजून नीट बोलायलाही लागली नव्हती.

एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. त्याचं दहावं नाही, तेरावं नाही, पुढे श्राद्धही नाही. हे आणि शेजारचे दोघं जण तिला पांढऱ्या कापडात घेऊन गेले. दुपारच्या आत परत आले, आंघोळी केल्या, आणि संपलं. दुसऱ्या दिवशी ह्यांची ड्यूटी होती, थोरल्याची शाळा होती. मी पोळ्या लाटल्या.

आमच्या घरी माझी थोरली नणंद राहायची. हे तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणायची. तिचा नवरा रसमड्याच्या स्टेशनावर रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. तो वारल्यावर ह्यांनी तिला आमच्याकडे आणलं होतं. गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं, कामाला वाघीण. तिला मूलबाळ झालंच नाही, असं मी समजून चालले होते. धाकटी गेल्यावर काही दिवसांनी मी तिचं झबलं हातात धरून बसले होते, तोंडातून तिचं नाव निघालं. बाईनं झबलं माझ्या हातातून काढून घेतलं.

"नाव नको घेत जाऊ वं," ती म्हणाली. "नाव घेतलं का त्याचा जीव मागं मागं फिरते. त्याले जाऊ दे."

त्यानंतर घरात कुणी ते नाव घेतलं नाही. मी रांधत होते, वाढत होते, विचारलं तर उत्तर देत होते. पण ते नाव घशात अडकून राहिलं होतं, आणि त्याच्यामुळे बाकीचं बोलणंही बाहेर यायला अडायचं.

हे तेव्हा जीप चालवायचे. रशियाहून आलेल्या एका इंजिनियरला त्याच्या क्वार्टरवरून कारखान्यात नेणं-आणणं हे ह्यांचं काम. त्या वर्षांत भिलाईत रशियन माणसांचं नवल उरलं नव्हतं. भाजीवाल्यालाही त्यांचे चार शब्द यायचे, त्यांनाही आपली मोडकी हिंदी यायची. ह्यांच्याकडून त्या इंजिनियरच्या बायकोला आमचं कळलं असावं. एका दुपारी ती जीपमधून उतरून आमच्या दारात उभी राहिली. उंच, हाडापेरानं मोठी बाई. वय फार नसावं, पण केस पांढरे झालेले. मी स्टूल पुढे केला तर ती सरळ खाली फरशीवर माझ्यासमोर बसली आणि माझा हात हातात घेऊन तशीच राहिली. मला परक्या बाईनं हात धरल्याची सवय नव्हती. पण मी तो सोडवून घेतला नाही.

जाताना तिनं एक डबा ठेवला. आत काळसर बिस्किटं होती, चॉकलेट घातलेली, मध्ये सुकवलेल्या फळांचे तुकडे. "पिचेन्ये," ती म्हणाली. त्यांच्याकडे बिस्किटाला तसं म्हणतात.

ती गेल्यावर बाईनं डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "अंडं असन यात. लेकराले दे, बाहेर बसून खाईन."

थोरल्यानं पायरीवर बसून ती सगळी संपवली.

ती रशियन बाई मग येतच राहिली. कधी जीपबरोबर, कधी पायी उन्हातून डोक्याला रुमाल बांधून. फारसं बोलायची नाही. मी निवडत असले तर माझ्याबरोबर तांदूळ निवडायची. एकदा असंच निवडताना तिनं आपला हात जमिनीपासून थोडा वर धरला, एवढ्या उंचीचं मूल दाखवतात तसा.

"मेरा बेटा," ती म्हणाली. "लड़ाई. खाना नहीं. बहुत ठंड." मग तिनं हात खाली आणून फरशीवर टेकवला. आणि त्याचं नाव सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं, अगदी सावकाश, जणू मी ते पाठ करावं.

मी तिच्याकडे पाहतच राहिले. मेलेल्या मुलाचं नाव कुणी असं भर दुपारी, शांत चेहऱ्यानं उच्चारताना मी पाहिलं नव्हतं.

"तुम्हारा? नाम?" तिनं विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात बाई उभी होती. मी मान खाली घालून तांदळातले खडे वेचत राहिले. तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

त्या दिवशी तिनं खुणांनी आणखी काही सांगायचा प्रयत्न केला. मला अर्धंच समजलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तिच्या नवऱ्याला विचारून ते नीट समजून घेतलं आणि घरी येऊन मला सांगितलं. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या जन्माच्या किंवा मृत्यूच्या दिवशी घरात काहीतरी गोड भाजतात. ते आसपासच्या मुलांना वाटतात, आणि देताना सांगतात, हे अमक्याच्या नावाचं आहे. खाणाऱ्यानं ते नाव घ्यायचं, मग खायचं. लहान असो, मोठा असो, सगळ्यांसाठी तेच.

"आपल्याले नाही का जमणार?" मी विचारलं.

हे पायातले बूट काढत होते. काढता काढता थांबले. "बाईले विचार."

"तुमाले काय वाटते, ते सांगा ना."

त्यांनी बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "मले जीप चालवतानी असं वाटते का ती मांगच्या सीटवर बसून आहे. मी मांगं पाहत नाही. कोणाले सांगतही नाही."

एका छपराखाली राहून आम्ही दोघं इतके महिने असे वेगवेगळे जगलो होतो.

मी बाईला विचारलं. तिनं ऐकून घेतलं. "लहान लेकराचं काही करत नसते. आपल्यात नाही ते." आणि थोड्या वेळानं, "अन् अंड्याचं तर या घरात होणारच नाही."

"अंडं नाही घालणार," मी म्हणाले.

ती हो म्हणाली नाही. नाही असंही म्हणाली नाही.

धाकटीचा जन्म माघातला, मी तोच दिवस धरला. तो दिवस आला तेव्हा हवेत गारवा होता, ऊन हवंसं वाटत होतं. रशियन बाई सकाळीच आली. पिशवीत चॉकलेटच्या जाड वड्या, कागदात गुंडाळलेलं लोणी, साखर. अंड्याऐवजी दूध घालू, हे मी तिला आधीच समजावलं होतं. सुकी फळं मात्र तिच्याकडची संपली होती. ती माझ्या फळीवरचे डबे एकेक उघडून हुंगायला लागली. एका बरणीत सुकवलेली बोरं होती. आसपासच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन विकायला येत, त्यांच्याकडून घेऊन मी त्या हिवाळ्यात खाटेवर वाळवली होती. तिनं एक बोर तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि आपल्या भाषेत एका फळाचं नाव घेतलं. त्यांच्याकडे तसंच आंबटगोड फळ असतं म्हणे. मग आम्ही दोघींनी बोरांच्या बिया काढल्या, गर बारीक चिरला, चॉकलेट सुरीनं तासलं. कणीक लोण्यात मळताना माझे हात मनगटापर्यंत काळे झाले. त्या वासानं थोरला दोनदा आत डोकावून गेला.

भाजायची वेळ आली तेव्हा अडचण झाली. तिच्याकडे विजेची भट्टी होती, माझ्याकडे कोळशाची शेगडी. पण हे माझ्याच घरी, माझ्याच विस्तवावर व्हायला हवं, हे तिनं पहिल्यापासून धरलं होतं. आम्ही कढईत वाळू तापवली, त्यावर ताटली ठेवली, वर झाकण घातलं. पहिली खेप खालून जळाली आणि वरून कच्ची राहिली. दुसरी खेप तशीच. जळक्या चॉकलेटचा कडू वास घरभर झाला. तिनं कपाळ पुसलं आणि हसण्याचा प्रयत्न केला. मला रडू येत होतं. वाटलं, होऊच नये असं असेल.

बाई मागच्या अंगणात आमच्याकडे पाठ करून जप करत बसली होती. ती उठून आत आली. शेगडीकडे पाहिलं, काळ्या पडलेल्या ताटलीकडे पाहिलं.

"कणकीचे रोडगे भाजतो तसं भाजा ना वं," ती म्हणाली. "खालून आग अन् वरून काहीच नाही, कशे होतीन?"

तिनं स्वतःच अंगणात गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, ज्वाळा बसून लाल निखारे होईपर्यंत थांबली. जाड बुडाची पातेली त्यात बसवली, झाकणावरही निखारे ठेवले, आणि चिमटा घेऊन शेजारी बसली. आम्ही दोघी तिच्या बाजूला बसलो. कारखान्याचा भोंगा झाला.

"किती करून राहिली?" बाईनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"आपल्या लायनीतल्या पोट्ट्यायपुरते."

"दोन जास्ती कर."

"कावून?"

"माहे दोन होते."

मला आधी समजलंच नाही. ती निखारे सारखे करत बोलत राहिली, हळू, सरळ आवाजात. पोरगी चालायला लागली होती. पोरगा तर पाळण्यातच गेला. दोघांनाही रसमड्याला, सिग्नलच्या पलीकडे, बाभळीखाली पुरलं. तिच्या सासूनं तिला तेच सांगितलं होतं, जे तिनं मला सांगितलं. "नाव घेऊ नये म्हणे. म्या नाही घेतलं. आता तोंडातून निघते का नाही, तेही मालूम नाही."

"काय नावं होती, बाई?"

तिनं ओठ उघडले, मिटले. चिमटा खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. आणि मग आधी पोराचं नाव घेतलं, नंतर पोरीचं. पोरीचं घेताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला.

रशियन बाईला आमच्या भाषेतलं काही कळलं नव्हतं. पण ही नावं आहेत, एवढं तिला कळलं. तिनं ती दोन्ही मोठ्यानं म्हटली. पोरीच्या नावात ळ होता, तो तिला जमेना.

"तसं नाही," बाई म्हणाली, आणि जीभ वळवून दाखवली. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. बाईनं पुन्हा सांगितलं. निखाऱ्यांशेजारी बसून त्या दोघी एका नावाचा उच्चार घोटत होत्या, आणि बाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते ती पुसतही नव्हती.

तेव्हा मी माझ्या लेकीचं नाव घेतलं. ते इथे लिहीत नाही. पण त्या दिवशी ते मी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं. मला वाटलं होतं, छाती फुटेल. तसं काही झालं नाही. फक्त खूप दिवसांनी पुरता श्वास आत गेल्यासारखं वाटलं.

बिस्किटं चांगली झाली असं म्हणता येणार नाही. वेडीवाकडी, कडेला तडे गेलेली, बोरं दाताला चिकटणारी. संध्याकाळी शाळेतून आलेली मुलं अंगणात जमली. आमच्या रांगेत बंगाली होते, मल्याळी होते, पंजाबी होते, बालोदकडचं एक छत्तीसगढी घर होतं.

"आंटी, किसका बर्थडे है?" एका मुलीनं विचारलं.

"मेरी बेटी का."

"कहाँ है वो?"

"वो अब नहीं है," मी म्हणाले. "ये उसके नाम का है. पहले नाम लो, फिर खाओ."

मुलांना त्यात काही अवघड वाटलं नाही. एकेकानं नाव घेतलं आणि बिस्किट घेतलं. हे कामावरून आले, जीप बाहेर लावली, आणि कंपाउंडशीच उभे राहिले. इतक्या तोंडांतून ते नाव ऐकताना त्यांनी कपाळ हातावर टेकवलं. मग आत येऊन त्यांनीही हात पुढे केला, आणि मुलांसारखंच आधी नाव घेतलं.

बाईनं त्यातलं खाल्लं नाही. तिनं दोन बिस्किटं कागदात बांधली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं रसमड्याला गेली. "मी येऊ?" विचारलं तर "नको" म्हणाली. दुपारी परत आली, पाय धुतले, आणि जेवायला वाढ म्हणाली. तिथे काय केलं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी त्या इंजिनियरची मुदत संपली. निघायच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली, तेव्हा बाईनं तिला कुंकू लावलं. तिनं आमच्या गेलेल्या तिन्ही मुलांची नावं म्हणून दाखवली. ळ शेवटपर्यंत जमला नाही. त्यानंतर तिची काही खबर कळली नाही.

माघात मी पुष्कळ वर्षं ती बिस्किटं केली. चॉकलेट मिळेनासं झालं तेव्हा दुर्गहून कोकोचा डबा आणत असे. बाई आणि मी आता बोलायचो. तिची पोरगी इंजिनाच्या शिटीला घाबरायची, माती खायची, बापाच्या हातातला हिरवा झेंडा मागायची, हे मला त्या वर्षांत कळलं. मी माझीचं सांगायची.

बाई म्हातारपणी गेली. तिचं सगळं रीतीप्रमाणे झालं. तेराव्याची माणसं पांगल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले.

"तिची पोरगी मले आठवते," ते म्हणाले. "मी सुटीत रसमड्याले जात होतो. तिले खांद्यावर घेऊन मालगाडी दाखवत होतो. मग एका सुटीत गेलो तर ती नव्हती. कोणी काही सांगितलं नाही. मी लहान होतो, म्या विचारलं नाही."

"मग इतके वर्षं कावून नाही सांगितलं?"

"माझ्यासमोर कोणी बोलतच नव्हतं ना," हे म्हणाले.

मी त्यांना आणखी विचारलं, ती दिसायला कशी होती, केस कसे होते, काय बोलायची. त्यांना जेवढं आठवलं तेवढं त्यांनी सांगितलं, आणि मी ऐकत बसले.